मैलकुलीची मुलगी आणि समुद्राकाठचा रस्ता

परदेशात राहणारे माणूस सुटीत गावी आले की शेजारपाजारचे लोक हमखास एक प्रश्न विचारतात, "तिकडं काय काय बघितलंस?" हा प्रश्न मला फार वर्षे अडचणीत टाकीत असे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नपासून तासाभराच्या अंतरावर जिलाँग नावाचे शहर आहे. तेथल्या एका वृद्धाश्रमात मी परिचारिका आहे. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, घरी नवरा आणि शाळेत जाणारा मुलगा. काय बघणार? बस, वृद्धाश्रम आणि वाणसामानाचे दुकान, एवढेच माझे ऑस्ट्रेलिया होते.

त्यातून मला बाहेर काढले ते माझ्या मैत्रिणीने. ती माझ्याच वॉर्डात काम करते. वय एकसष्ट, जन्माने ऑस्ट्रेलियन, स्वभावाने मोकळी. दर वर्षी ११ नोव्हेंबरला ती 'ग्रेट ओशन रोड' नावाच्या समुद्राकाठच्या रस्त्याने एकटीच मोटार घेऊन जाते. २०२३ साली तिच्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी लांबचे ड्रायव्हिंग बंद केले. तेव्हा ती मला म्हणाली, "या वर्षी तू चालव. मी शेजारी बसते."

मी घाबरले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. आमच्या घरी कधी सायकलसुद्धा नव्हती. जिलाँगच्या सरळ रस्त्यांवर मी गाडी चालवीत होते, पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या वळणांच्या रस्त्यावर? मी नको म्हणणार होते. पण ती पुढे म्हणाली, "तुझे वडील तर रस्तेवाले. तुला कसली भीती?"

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे.

'सरकारी नोकरी'

मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी मला विचारले होते, "तुझे वडील काय करीत?" मी सांगितले, "सरकारच्या रस्ते खात्यात होते." यात खोटे काहीच नव्हते. तिने आपल्या मनाने 'इंजिनिअर' असा अर्थ घेतला, आणि मी तो तसाच राहू दिला.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई-गोवा हमरस्त्याच्या एका तुकड्यावर त्यांनी एकतीस वर्षे काम केले. पावसाळ्याआधी गटारे उपसायची, मोऱ्या साफ करायच्या. पावसात दरड आली की टिकाव-फावडे घेऊन रात्री-अपरात्री धावायचे. पाऊस संपला की खड्ड्यांत खडी-डांबर भरायचे. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. डांबराच्या कामाच्या दिवसांत दादा पायांना गोणपाट गुंडाळीत. संध्याकाळी आई रॉकेलच्या फडक्याने त्यांचे हात पुसून देई. तरी नखांतले काळे कधी गेले नाही.

शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात गुरुजींनी 'मैलकुली' असे लिहिले होते. वर्गातली मुले मला 'मैलकुल्याची पोर' म्हणून चिडवीत. पुढे नर्सिंगला मुंबईला गेले तेव्हा मी स्वतःच्या हाताने त्या रकान्यात 'सरकारी नोकरी' असे लिहिले. लग्न जुळवतानाही तेच सांगितले. नोकरी सरकारी होतीच की! ज्या फावड्यावर मी शिकले ते फावडे मात्र मी कोठेच लिहिले नाही.

रस्ता कोणी खणला?

शनिवार, ११ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. डब्यात मी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेतली होती. मैत्रिणीने थर्मासमध्ये चहा आणि कागदात गुंडाळलेली सँडविचे आणली होती. तिच्या कोटाला लाल कापडी अफूचे फूल लावलेले होते. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. त्या युद्धात ऑस्ट्रेलियाचे सुमारे साठ हजार सैनिक मरण पावले. त्यांच्या आठवणीसाठी या दिवशी लोक हे फूल लावतात.

रस्ता टॉर्की या गावापासून सुरू होतो आणि वॉर्नाम्बूल शहराच्या अलीकडे संपतो. लांबी सुमारे २४० किलोमीटर. त्याची हकिकत मैत्रिणीने मला गाडीतच सांगितली.

युद्ध संपल्यावर हजारो सैनिक परत आले. त्यांना काम नव्हते. त्या काळी या किनाऱ्यावरच्या गावांना जोडणारा नीट रस्ता नव्हता. लोकांना बोटीने नाहीतर जंगलातल्या खडबडीत वाटेने जावे लागे. जिलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी पुढाकार घेऊन एक ट्रस्ट उभा केला. परतलेल्या सैनिकांना रोजगार मिळावा आणि न परतलेल्यांचे स्मारक व्हावे, असा दुहेरी हेतू होता. सप्टेंबर १९१९ मध्ये काम सुरू झाले. सुमारे तीन हजार सैनिकांनी या रस्त्यावर घाम गाळला. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. कुदळ, फावडे, सुरुंगाची दारू आणि घोडागाडी यांवर कडे फोडले गेले. आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग मजुरी मिळे. शनिवारी अर्धा दिवस काम असे. राहायला तंबू, जेवायला एक मोठा मंडप. करमणुकीला तळावर एक पियानो आणि ग्रामोफोनही होता. काही मजूर या कामावर दगावले.

रस्ता पुरा व्हायला तेरा वर्षे लागली. २६ नोव्हेंबर १९३२ रोजी उद्घाटन झाले. हिचकॉक मात्र तीन महिने आधी, ऑगस्टमध्ये वारले होते. उद्घाटनाच्या मिरवणुकीत त्यांची मोटार त्यांच्याविना मागोमाग चालवीत नेली गेली. खर्च भरून काढण्यासाठी सुरुवातीला या रस्त्यावर टोल घेत. १९३६ साली रस्ता सरकारच्या ताब्यात गेला आणि टोल बंद झाला.

हे सारे सांगून झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "माझे आजोबा त्या तीन हजारांतले एक. फ्रान्सच्या लढाईतून परत आले आणि इथे फावडे मारायला लागले. नेमका कोणता तुकडा त्यांनी खणला ते मला माहीत नाही. म्हणून मी सगळाच रस्ता त्यांचा समजते."

मी नुसते "छान" म्हटले. पुढे तोंडातून शब्द फुटेना.

कमानीखालचा एक मिनिट

ईस्टर्न व्ह्यू या ठिकाणी रस्त्यावर आडवी लाकडी कमान आहे. १९३९ पासून येथे अशी कमान उभी आहे. १९८३ च्या भीषण वणव्यात ती जळाली, तेव्हा लोकांनी पुन्हा बांधली. कमानीजवळ काम करणाऱ्या दोन मजुरांचे ब्राँझचे पुतळे आहेत. रस्त्याला पंच्याहत्तर वर्षे झाली त्या निमित्ताने ते बसवले गेले.

पुतळे मी आपल्याकडेही पुष्कळ पाहिले आहेत. घोड्यावरचे राजे पाहिले, सभेत हात उंचावलेले पुढारी पाहिले. रस्ता खणणाऱ्या माणसाचा पुतळा मी प्रथमच पाहत होते, आणि तोही रस्त्याच्याच कडेला. मी जवळ जाऊन त्या ब्राँझच्या हातांकडे पाहिले. दादांचे हात मला आठवले.

अकरा वाजले. तेथे जमलेली पंधरा-वीस माणसे एक मिनिट स्तब्ध उभी राहिली. समुद्राचा आवाज तेवढा येत होता. मैत्रिणीने कोटावरचे फूल काढून पुतळ्यांच्या पायाशी ठेवले.

नंतर एक म्हातारे जोडपे आमच्याशी बोलायला आले. मैत्रिणीने मोठ्या कौतुकाने माझी ओळख करून दिली, "हिचे वडील भारतात रस्ते बांधीत. इंजिनिअर होते." त्या आजोबांनी माझा हात हातात घेऊन मनापासून दाबला. मी हसले.

वाचकहो, त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. ज्या ठिकाणी फावडे मारणाऱ्याला मान मिळाला होता, नेमक्या त्याच ठिकाणी मी माझ्या बापाचे फावडे लपवले होते.

डावीकडे समुद्र

कमानीच्या पुढे खरा वळणांचा रस्ता सुरू होतो. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे टॉर्कीकडून जाताना गाडी समुद्राच्या बाजूला राहते. काचेतून खाली पाहिले तर सरळ लाटाच दिसतात. लॉर्न या टुमदार गावापर्यंत माझे हात स्टिअरिंगवर नुसते घट्ट आवळलेले होते. मागे गाड्यांची रांग लागली की मला घाम फुटे. मैत्रीण शांतपणे म्हणाली, "पुढे थांबायला जागा दिसेल. तिथे बाजूला घे, त्यांना जाऊ दे. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही." संथ गाड्यांसाठी अशा जागा मुद्दाम ठेवलेल्या आहेत. परदेशी पाहुणे चुकून उजवीकडे जातात, म्हणून 'ऑस्ट्रेलियात डावीकडून चालवा' अशा पाट्याही जागोजागी आहेत.

लॉर्नच्या पुढे वाय रिव्हर लागते. येथे आणि शेजारच्या वस्तीत २०१५ च्या नाताळच्या दिवशी वणव्याने ११६ घरे जाळली. झाडे जळाल्यावर डोंगराची माती सैल झाली आणि पुढच्या पावसात दरडी येऊन रस्ता बंद पडला. हे ऐकताना मी एकदम म्हणाले, "झाडाची मुळं गेली की दरड सुटणारच. आधी गटारं मोकळी करावी लागतात, नाहीतर पाणी रस्त्याखाली शिरतं." मैत्रिणीने माझ्याकडे चमकून पाहिले. "बरंच शिकवलंय वडिलांनी," ती म्हणाली. मी पुन्हा गप्प बसले.

केप पॅटनच्या भूशिराजवळ तिने मला हसवले. १९२४ साली 'कॅसिनो' नावाची आगबोट येथे खडकावर अडली. बोट हलकी करण्यासाठी तिच्यावरची बिअरची पाचशे पिंपे आणि दारूची सव्वाशेच्या आसपास खोकी समुद्रात टाकावी लागली. ती वाहत किनाऱ्याला लागली. मग काय, रस्त्याचे काम दोन आठवडे बंद! "माझे आजोबा दारू पीत नव्हते असं आजी सांगायची," मैत्रीण म्हणाली, "पण त्या दोन आठवड्यांबद्दल ती काही बोलत नसे."

दुपारी अपोलो बे गावात समुद्राकडे तोंड करून आम्ही जेवलो. सुकटीच्या चटणीचा पहिला घास घेताच मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने भाकरी संपवली आणि आणखी मागून घेतली.

अपोलो बेच्या पुढे रस्ता किनारा सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो. उंच निलगिरीची झाडे आणि त्यांच्या सावलीत माणसापेक्षा उंच वाढलेले नेचे. येथून एक फाटा केप ऑटवेच्या दीपगृहाकडे जातो. १८४८ सालचे हे दीपगृह ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर टिकून राहिलेल्यांत सर्वांत जुने आहे. आम्हाला उशीर झाल्याने आम्ही तिकडे वळलो नाही.

बारा नसलेले बारा

संध्याकाळी आम्ही 'ट्वेल्व्ह अपॉसल्स'पाशी पोहोचलो. म्हणजे ख्रिस्ताचे बारा शिष्य. समुद्रात चुनखडकाचे प्रचंड सुळके उभे आहेत. लाटांनी कडा पोखरला, गुहा झाल्या, गुहांच्या कमानी झाल्या, कमानी कोसळल्या आणि मागे हे सुळके उरले. पूर्वी या जागेला 'डुकरीण आणि पिल्ले' म्हणत. पर्यटक यावेत म्हणून पुढे भारदस्त नाव दिले गेले. सुळके मुळात बारा कधीच नव्हते. त्यांतलाही एक, सुमारे पन्नास मीटर उंचीचा, जुलै २००५ मध्ये पाहता पाहता ढासळला. सूर्य बुडताना ते खडक आधी पिवळे, मग तांबूस आणि शेवटी काळे दिसू लागले. दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

जवळच लॉक आर्ड नावाची खोल घळ आहे. १ जून १८७८ रोजी या नावाचे जहाज इंग्लंडहून मेलबर्नला येताना येथे फुटले. जहाजावर चौपन्न माणसे होती, त्यांतली दोनच वाचली. एक टॉम पिअर्स नावाचा शिकाऊ खलाशी आणि दुसरी ईव्हा कारमायकेल नावाची तरुणी. टॉमने तिला पाण्यातून ओढून घळीत आणले आणि कडा चढून मदत मागायला गेला. ईव्हाचे आई-वडील आणि भावंडे या अपघातात बुडाली. पुढे ती आयर्लंडला परत गेली.

पोर्ट कॅम्पबेलची रात्र

रात्री पोर्ट कॅम्पबेल या छोट्या गावात आम्ही एका साध्या मोटेलात उतरलो. मैत्रीण गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. मी दिवा मालवायला उठले आणि न मालवताच परत बसले.

"माझे वडील इंजिनिअर नव्हते," मी म्हणाले. "ते रस्त्यावरचे मजूर होते. खड्डे भरायचे, गटारं काढायचे, दरड उपसायचे. एकतीस वर्षं."

ती काही वेळ माझ्याकडे नुसती पाहत राहिली. ती लगेच मला जवळ घेईल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. ती रागावली.

"तीन वर्षं झाली तुला मी हे सांगतेय की माझे आजोबा फावडं मारीत होते," ती म्हणाली. "आणि तू मला हे सांगू शकली नाहीस? आज कमानीपाशी तू मला त्या म्हाताऱ्याशी खोटं बोलायला लावलंस."

मी म्हणाले, "तुझ्या आजोबांचा पुतळा आहे. माझ्या दादांना गावात लोक नावानेसुद्धा हाक मारीत नसत. 'ए मैलकुली' म्हणत. तुझं सांगणं आणि माझं सांगणं सारखं नाही."

यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पुतळा फार उशिरा झाला. आजोबांनी तो पाहिला नाही. ढग गडगडले की ते जमिनीवर आडवे पडत, असं आजी सांगे. आधी लढाईतला तोफखाना, मग इथले सुरुंग. माझ्या आईलाही त्यांची लाज वाटायची. तिने आम्हाला त्यांच्याबद्दल ते गेल्यानंतर सांगितलं."

मग तिने मला दादांबद्दल एकेक विचारायला सुरुवात केली. डांबर कसे तापवीत? रोलर कोण चालवी? पावसात रात्री बोलावणे आले तर कंदील कोण धरी? मी सांगत गेले. कंदील मीच धरीत असे. आठ-नऊ वर्षांची होते. दरडीपाशी कंदील घेऊन उभी राहायची, म्हणजे येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरला दुरून उजेड दिसे. हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितले नव्हते.

ज्यांचा रस्ता त्याआधीही होता

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही 'लंडन ब्रिज' पाहिला. दोन कमानींचा हा नैसर्गिक पूल. जानेवारी १९९० मध्ये त्याची किनाऱ्याकडची कमान अचानक कोसळली आणि पलीकडे उभे असलेले दोन पर्यटक अडकून पडले. त्यांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. तेव्हापासून तेथे एकच कमान उरली आहे.

वॉर्नाम्बूलपाशी रस्ता संपतो. मैत्रीण दर वर्षी येथूनच परत फिरते. या वेळी ती म्हणाली, "अजून तासाभर पुढे जाऊ या. मी तिकडे कधीच गेले नाही."

आम्ही बज बिमच्या परिसरात गेलो. ही गुंडिचमारा या आदिवासी लोकांची भूमी. जुन्या ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे दगड रचून त्यांच्या पूर्वजांनी येथे पाण्याचे चर, बांध आणि मासे पकडायचे सापळे तयार केले. मासा कोणता? आपली कोकणातली वाम असते तशा जातीचा. तिला ते कुयांग म्हणतात. हे बांधकाम किमान सहा हजार सहाशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि २०१९ साली ते जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. गोरे लोक या किनाऱ्यावर आले तेव्हा 'येथे काही बांधलेले नाही, जमीन मोकळी आहे' असे म्हणाले. दगडांच्या त्या ओळी पाहताना मला दादांच्या मोऱ्या आठवल्या. पाण्याला वाट करून देण्याची तीच विद्या.

तेथेच आम्हाला लव्हेट भावांची हकिकत समजली. कॉन्डा तलावाकाठच्या मिशनवर वाढलेले हे पाच गुंडिचमारा भाऊ पहिल्या महायुद्धात लढले आणि पाचही जिवंत परतले. त्यांपैकी चौघे दुसऱ्या महायुद्धातही पुन्हा सैन्यात गेले. दुसऱ्या युद्धानंतर सरकारने परतलेल्या सैनिकांना शेतीसाठी जमिनी दिल्या. त्यांत कॉन्डा मिशनची जमीनही वाटली गेली. हर्बर्ट लव्हेट यांनी जमिनीसाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. त्यांच्याच पूर्वजांची जमीन गोऱ्या सैनिकांना मिळाली. दोनदा देशासाठी लढलेल्या माणसाला मिळाली नाही. मिशनची जागा मूळ लोकांना परत मिळायला १९८७ साल उजाडले.

ज्या किनाऱ्यावरून आम्ही आलो होतो, तिथलीही हीच कथा. ऑटवेच्या जंगलात गादुबानुद लोक राहत. १८४० च्या दशकात त्यांची कत्तल झाली, उरलेले पांगले. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे आमच्या सहलीच्या आठच महिने आधी, फेडरल न्यायालयाने ग्रेट ओशन रोडच्या काही भागासह मोठ्या प्रदेशावर ईस्टर्न मार लोकांचा परंपरागत हक्क मान्य केला.

मैत्रीण तलावाच्या काठी बराच वेळ उभी होती. "आम्हाला शाळेत यातलं काहीच शिकवलं नाही," ती म्हणाली. "मी दर वर्षी कमानीपाशी फूल ठेवते. वाटायचं, सगळ्यांचं देणं फिटलं."

परतीच्या वाटेवर मीच गाडी चालवीत होते. आतल्या हमरस्त्याने तीन तास. माझे हात आता सैल होते. मैत्रीण शेजारी झोपी गेली होती.

तेवीस मोऱ्या

घरी पोहोचले तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. कोकणात दुपारचे तीन. मी दादांना फोन लावला. ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. कानाने थोडे कमी ऐकतात, पण रस्ता म्हटले की सारे ऐकू येते.

"काय गो बाय, रस्ता डांबरी हाय काय सगळा? दरडी येतात?"

"येतात, दादा."

"गटार कुठल्या अंगाला? डोंगराच्या का समुद्राच्या?"

मी सांगितले. त्यांनी समाधानाचा हुंकार दिला. मग मी त्यांना मजुरांच्या पुतळ्यांबद्दल सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"फावडं हातात दिलंय त्यांच्या?"

दादांना काय सांगावे ते मला कळेना. "काम करतानाचेच आहेत," मी म्हणाले. मग मी विचारले, "दादा, तुमचा तुकडा नेमका कुठून कुठपर्यंत होता?"

एवढ्या वर्षांत हे मी कधी विचारले नव्हते. दादांनी न अडखळता सांगायला सुरुवात केली. संगमेश्वरच्या पुढचे आठ किलोमीटर. त्यांत तेवीस मोऱ्या, दोन साकव. कोणत्या मोरीत दर पावसाळ्यात ओंडके अडकत, कोणत्या वळणावर दरड येई, कोणत्या वडाखाली गँगचे लोक भाकरी खात. मी वही पुढे ओढली आणि एकेक मोरी लिहून घेतली. शेवटी ते म्हणाले, "आता ते काय ऱ्हायलं नाय म्हणा. चौपदरी करताना वड पाडला, मोऱ्या बुजवल्या. तू कशाला लिहितेस?"

"असू द्या, दादा," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात माझ्या मुलाच्या शाळेत आजी-आजोबांवर चार ओळी लिहायच्या होत्या. त्याने विचारले, "आई, आजोबा काय करायचे?" मी त्याला ती वही दिली.

मैत्रिणीने दादांचा फोटो मागितला. काम करतानाचा त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मैलकुलीचा फोटो कोण काढणार? निवृत्त झाले त्या दिवशीचा, ऑफिसच्या पायरीवर गळ्यात हार घालून उभे असलेला, एवढा एकच आहे. तोच मी तिला दिला. आता दर ११ नोव्हेंबरला तो तिच्या आजोबांच्या फोटोबरोबर तिच्या पिशवीत असतो, आणि गाडी मी चालवते.